लोखंडाची साक्ष
प्रस्तावना

जीर्णोद्धार या विषयाचा विचार आपल्याकडे देवळे, वाडे आणि किल्ले यांच्या संदर्भातच बहुधा झाला. त्यामुळे ज्या वाहनाने स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या खेडोपाडी धरणाच्या मोजणीची साधने, देवीची लस, तगाईचे कागद आणि निवडणुकीच्या मतपेट्या पोहोचत्या केल्या, त्या वाहनाची डागडुजी हाही एक प्रकारचा इतिहासाभ्यास होऊ शकतो, ही कल्पना आपल्या सुशिक्षित समाजाच्या मनात सहसा येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील एका पिता-पुत्रीने जुन्या जीपची दुरुस्ती करीत असता ठेवलेली ही नोंदवही पुस्तकरूपाने बाहेर येत आहे, आणि ज्याच्या उमेदीची सारी वर्षे सरकारी यांत्रिकी कार्यशाळेत अशाच गाड्यांच्या सहवासात गेली अशा माझ्याकडे तिच्या प्रस्तावनेचे काम आले, हे मी माझे भाग्य समजतो. वडील व्यवसायाने शाळामास्तर आहेत. कन्या कामाच्या आरंभी पंधरा वर्षांची होती. नोंदवहीतील तांत्रिक माहिती मोलाची आहेच, परंतु तिच्याहूनही अधिक मोल मला एका निराळ्या गोष्टीचे वाटते : वडील आणि मुलगी यांच्यात मतभेद झाला असता त्याचा निवाडा वयाच्या अधिकाराने न करता समोरच्या लोखंडाच्या साक्षीने करायचा, हा शिरस्ता या दोघांनी पहिल्या पानापासून अखेरपर्यंत पाळलेला आहे.

ज्या वाहनाविषयी हे लेखन आहे त्याचे कुळ प्रथम सांगणे अवश्य आहे. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी कारखानदारांपुढे ठेवली आणि नमुना सादर करण्यास अवघी 49 दिवसांची मुदत दिली. पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या बँटम नावाच्या लहानशा, आर्थिक अडचणीत सापडलेल्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडे करवून घेऊन 23 सप्टेंबर 1940 रोजी पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर हजर केली. तथापि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची बँटमची कुवत नव्हती, म्हणून मुख्य कंत्राटे ओहायो राज्यातील टोलेडो शहरच्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांकडे गेली, आणि महायुद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी नागरी वापरासाठी, शेतकऱ्याचे औत म्हणून विकावयास काढली, आणि तिच्या उत्तरोत्तर सुधारलेल्या आवृत्त्यांपैकी 1953 साली निघालेली सीजे-थ्री-बी ही ती आवृत्ती, जिचे आयुष्य भारतात तिच्या मायदेशापेक्षा अधिक दीर्घ ठरले.

1945 साली जे. सी. आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर-जनरल पदापर्यंत चढले. इकडे पेढीचे नाव 1948 साली महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. त्याच सुमारास मुंबईच्या माझगावात विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जुळवण्याचे काम सुरू झाले, आणि हळूहळू ते भाग येथेच तयार होऊ लागले. अमेरिकेत सीजे-थ्री-बी 1968 साली बंद झाली, परंतु येथे तिचे घाट आणि साचे त्यानंतरही कैक वर्षे चालू राहिले, आणि चालकाचे आसन उजवीकडे गेले यापलीकडे तिच्या मूळ ठेवणीत दीर्घकाळ फारसा फरक पडला नाही.

या स्थितिशीलतेला मागासलेपणा म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे; मला ती मान्य नाही. ज्या गाडीचे मडगार्ड चार बोल्टांनी आणि बॉनेट दोन आकड्यांनी धरलेले असते, जिच्या पत्र्याला वळणापेक्षा कोनच अधिक असतात, जिची पुढची काच आडवी पाडता येते आणि बॅटरी उतरली असता जिचे इंजिन हँडल मारून चालू करता येते, ती गाडी उघडण्यासाठीच बांधलेली असते, कारण रणभूमीवर ती उघडणारा इसम हा कालपर्यंत शेतावर राबणारा एखादा तरुण शिपाई असणार हे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरलेले होते. आजच्या मोटारीत एखाद्या शाळकरी मुलीने हात घालावा तर बहुतेक ठिकाणी तिला बंद पेटी आणि तिच्यातून निघालेल्या वायरी एवढेच दिसेल. या जीपमध्ये तिला कारण आणि कार्य एकापुढे एक मांडलेले दिसते. पिता-पुत्रीच्या सहकार्याला हीच गाडी अनुकूल का ठरली, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी या रचनेत शोधावे, असे मला वाटते.

प्रस्तुत जीप 1964 साली नोंदली गेलेली. उसाच्या रानाच्या कडेला, गुऱ्हाळाच्या जुन्या छपराखाली, चाके जमिनीत रुतलेल्या स्थितीत ती वडिलांना दिसली आणि एका पावसाळ्यानंतर घरी आली. कागदपत्रांची पूर्तता करण्यात बराच काळ गेला. पूर्वीच्या मालकाच्या वारसांची संमती, हस्तांतरणाचा अर्ज, चासी-नंबरचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा आणि नूतनीकरणाची तपासणी या साऱ्याची कैफियत पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आली आहे, आणि ज्यांना असा उद्योग करावयाचा असेल त्यांनी ते प्रकरण पाना हाती घेण्यापूर्वी वाचावे, एवढेच मी त्याविषयी सांगतो.

माझ्या मते या पुस्तकाचा पहिला खरोखर मोठा भाग रंगाच्या प्रकरणापासून सुरू होतो. जुना रंग उतरवण्यासाठी वडिलांनी रसायनाचा डबा आणून ठेवला होता. मुलीने मात्र आधी उजव्या बाजूच्या पत्र्यावर तळहाताएवढ्या जागेत ओला पॉलिश पेपर फिरवून एकेक थर वेगळा उघडा करण्याची परवानगी मागितली. वरती शेंदरी, त्याखाली भडक निळा, त्याखाली पांढरा, पांढऱ्याच्या पोटात करडा, आणि सर्वांत तळाशी तांबूस रेड ऑक्साइड, असे पाच थर तिला मिळाले, आणि पांढऱ्या थरावर काळ्या अक्षरांचा माग दिसू लागताच तिने जागा वाढवीत नेली, तेव्हा ‘उप अभियंता, पाटबंधारे’ एवढी अक्षरे हाती लागली. ज्या गाडीला आपण एका शेतकऱ्याची अडगळ समजत होतो ती मुळात सरकारी नोकर होती, हे त्या दोघांना तेव्हा कळले. मग दुसऱ्या खुणांचाही अर्थ लागत गेला : मागच्या भागात लोखंडी अँगलच्या दोन लांबट बैठका, टपाच्या दांडीवर असंख्य हातांनी आलेला गुळगुळीतपणा, आणि मागे उभे राहून भाडे गोळा करणाऱ्या पोराला पाय ठेवण्यासाठी जोडलेली पायरी, म्हणजे लिलावात निर्लेखित माल म्हणून विकली गेल्यावर ती वडाप, म्हणजे भाड्याने प्रवासी वाहणारी गाडी, झाली होती, आणि निळा व शेंदरी हे त्या आयुष्याचे रंग होते. दक्षिण महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी बाजाराच्या दिवशी अशा जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केला असेल त्यांना या परिच्छेदांवर थांबावेसे वाटेल. रसायनाचा डबा तसाच परत गेला.

यानंतर जो वाद उभा राहिला तो या पुस्तकाचा गाभा होय. गाडीत आज असलेले इंजिन डिझेलचे आहे. ट्रॅक्टरच्या कुळातले, जड, मंद आणि टिकाऊ. सीजे-थ्री-बी मात्र निपजली ती हरिकेन नावाच्या पेट्रोल इंजिनासह, ज्याची क्षमता 134 घनइंच, म्हणजे सुमारे 2200 घन सेंटिमीटर, आणि ज्याची मांडणी मोठी मार्मिक : हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये, तर जळका धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. युद्धकाळच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. ते अर्धे वर नेल्यामुळे आत येणाऱ्या मिश्रणाला वाट मोकळी मिळून शक्ती वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली, आणि ते मावावे म्हणून या आवृत्तीचे बॉनेट उंच करावे लागले. वडिलांचा युक्तिवाद नेमका या उंचीवर उभा होता. बॉनेटखाली कोणते इंजिन होते हे बॉनेटच सांगते, त्यास कागदाची गरज नाही. ज्या इंजिनासाठी या गाडीला हे रूप मिळाले ते तिला परत देणे म्हणजेच जीर्णोद्धार, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी भंगारातून एक मोडके हरिकेन इंजिन मिळवूनही ठेवले होते.

मुलीने उत्तर तयार करण्यास काही आठवडे घेतले. तिने आरसी बुकातील नोंद शोधून काढली : इंजिनबदल ऐंशीच्या दशकाच्या आरंभी परवानगी घेऊन झालेला होता. तिने डिझेल इंजिनाचे आधार घासून स्वच्छ केले आणि दाखवून दिले की हे काम कोणा घाईत असलेल्या माणसाचे नाही. आधारांची पट्टी चासीच्या वळणाप्रमाणे वाकवून, टोकांना तडा जाऊ नये म्हणून गोलाई देऊन, समान अंतरावर वेल्डिंगचे टाके घालून बसवलेली आहे, आणि ज्या शहराच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या वाढल्या त्या कोल्हापूरचा हात तिच्यात ओळखू येतो. मग तिने नोंदवहीत लिहिले : ‘पेट्रोलचं इंजिन हा हिचा जन्म आहे, डिझेलचं इंजिन हा हिचा संसार आहे. आपण दुरुस्ती कशाची करतोय, ते आबांनी सांगावं.’ त्याखाली वडिलांच्या हस्ताक्षरात दोन दिवसांनंतरची तारीख आहे, आणि एकच ओळ : ‘डिझेल राहू दे. हरिकेन टेबलावर घे, खोलून शिकू.’

या वादात कायद्याचाही एक मुद्दा गुंतलेला आहे, आणि वडिलांनी तो प्रामाणिकपणे आपल्याच विरुद्ध जाईल अशा रीतीने मांडला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. तिची फी 20,000 रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. हरिकेन इंजिन बसवले असते तर त्या दर्जाचा दावा करता आला असता असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु व्हिंटेज गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तिला प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांची मुभा आहे. आणि आणखी एक गोष्ट अशी की भंगारातून आणलेले दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवून या गाडीला ‘मूळ स्वरूपातील’ म्हणवणे सत्याला धरून झाले नसते. हा दुसरा मुद्दा वडिलांनी स्वतः लिहिला आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जगभर जो एक व्यवहार चालतो, ज्यात गाडीच्या अंगावरून तिच्या श्रमांच्या सर्व खुणा पुसून ती कारखान्याच्या दारातून आजच बाहेर पडली असे भासवले जाते, त्याच्याविषयी माझ्या मनात आस्था नाही, आणि म्हणून इंजिनाच्या बाबतीत मी निःसंशय मुलीच्या बाजूचा आहे. रंगाच्या बाबतीत मात्र दोघांनी मिळून जो निर्णय घेतला, की संपूर्ण गाडीला सरकारी पांढरा रंग द्यावा आणि थरांची ती जागा तेवढी उघडी ठेवावी, तो मला पटलेला नाही. वडापच्या वर्षांना जर इंजिनात जागा मिळाली तर रंगातही मिळावयास हवी होती, आणि ते वर्षानुवर्षे लोकांना घेऊन धावलेले निळे अंग पुन्हा दिसले असते तर मला अधिक आनंद झाला असता.

चारही चाकांना गती देणारी यंत्रणा ज्या प्रकरणात समजावून दिली आहे त्याच्या तोडीचे विवेचन माझ्या वाचनात मराठीत आलेले नाही. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या ट्रान्सफर केसमधून एक दांडा मागच्या धुरीकडे व एक पुढच्या धुरीकडे जातो. एका लिव्हरने पुढची धुरी कामाला जुंपता येते, दुसऱ्याने लो गिअर पडतो, आणि तो पडला की वेग सुमारे अडीच पटीने घटून ओढ त्याच प्रमाणात वाढते. इथवर कोणतेही माहितीपत्रक सांगेल. परंतु डांबरी रस्त्यावर चारही चाके जुंपून गाडी वळवू नये, असे प्रत्येक चालक का बजावतो, हे मुलीला कोणी सांगू शकेना, तेव्हा तिने अंगणात खडूने गाडीच्या चारही चाकांचे वळणातले मार्ग आखले. धुऱ्यांमधील अंतर 80 इंच; वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांना अधिक वाट तुडवावी लागते; परंतु ट्रान्सफर केस दोन्ही दांड्यांना सारख्याच फेऱ्या देतो, आणि त्यांच्यातला फरक पचवणारी कोणतीही योजना या गाडीत नाही. चिखलात किंवा मुरमात चाक किंचित घसरून तो फरक मोडून टाकते. डांबरावर चाकाला घसरता येत नाही, मग तो ताण दांड्यांत आणि दातेचक्रांत साठत जातो व शेवटी लिव्हर अडकून बसतो. वडिलांनी, जे शाळेत भूमिती शिकवतात, हे चित्र पाहून केवळ त्रिज्यांची आकडेमोड तपासून दिली. त्या पानावर दोघांच्या अक्षरांची सरमिसळ आहे आणि कोणाचे वाक्य कोठे संपते हे सांगता येत नाही.

उद्यमनगरातील ज्या वृद्ध मिस्त्रींनी लेथचे आणि क्रँक घासण्याचे काम करून दिले त्यांचा या सर्व उद्योगावर फार मोठा उपकार आहे, आणि लेखकांनी तो ठिकठिकाणी नमूद केला आहे. व्हॉल्व्हचे अंतर लावण्याची वेळ आली तेव्हा वडिलांनी सवयीने फीलर गेज उचलली, त्यावर मिस्त्री म्हणाले, ‘मास्तर, पोरीचा हात हलका हाय. ती पट्टी तिच्याकडंच द्या.’ पट्टी थोडी ओढून धरली पाहिजे पण अडकता कामा नये, ही जाण बोटांत असते, तिचे वयाशी नाते नसते, हे ज्या घरात आधीच मान्य झाले होते त्या घरात हा सल्ला कोणालाही खटकला नाही. मुलीच्या आईने या कामात पाना क्वचितच हाती धरला, परंतु खर्चाची संपूर्ण वही तिची आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी ती जोडलेली असल्यामुळे कोणता भाग नवा घेणे परवडते आणि कोणता दुरुस्त करणे, याचा अंदाज वाचकास प्रत्यक्ष आकड्यांवरून करता येईल.

एका गोष्टीविषयी पालकांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाने वा मुलीने अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची जबाबदारी पालकावर येते : तीन वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. या नोंदवहीतील मुलीने गाडी चालवली ती स्वतःच्या रानात, लो गिअरमध्ये, वडील शेजारी बसलेले असताना, आणि रस्त्यावरील प्रत्येक चाचणीत ती चालकाच्या शेजारी वही घेऊन बसली. जिने गाडीचा प्रत्येक बोल्ट आपल्या हाताने आवळला आहे तिला शिकाऊ परवान्याची वाट पाहणे जड गेले असेल यात शंका नाही, परंतु त्याबद्दल तक्रारीचे एक वाक्यही तिने लिहिलेले नाही, आणि या संयमाचा संबंध मी त्या कामाशीच जोडतो. गंजलेला नट घाईने फिरवला तर तुटतो, तो तेल घालून, गरम करून, रात्रभर ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा लागतो, हे तिला वर्षभर रोज प्रत्ययास येत होते.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. प्रकाशनापूर्वी मजकूर एका हाताचा करून घ्यावा, पुनरुक्ती काढावी, मतभेद मिटलेले दाखवावेत, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली होती. मी तिला विरोध केला, आणि लेखकांनी माझे ऐकले याबद्दल त्यांचा ऋणी आहे. वडिलांच्या नोंदी उभ्या टाइपात व मुलीच्या तिरप्या टाइपात छापल्या असून क्रम तारखेचा आहे. पुढच्या धुरीचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, कारण ते काम अद्याप संपलेले नाही : उजव्या चाकाजवळच्या सांध्यातून तेल पाझरते. सील बदलूनही पाझर थांबत नाही, तेव्हा दोष त्या गोलाकार हाउसिंगला पडलेल्या खड्ड्यांत आहे असे मुलीचे मत आहे, तर धुरीची नळी किंचित वाकली असावी असे वडिलांचे. दोघांनीही आपापली मोजमापे दिली आहेत, ती मी स्वतः पडताळून पाहिली आहेत, आणि त्यांवरून निर्णय देणे मला अजून शक्य झालेले नाही.